रिकामा पाय

नारायण : गुडघे ताठ नकोत. डोकं वरून दोऱ्यानं टांगल्यासारखं. खांदे खाली, कंबर सैल. आता उजवा पाय उचल.

सौदामिनी : उचलत नाही. उंबरठा दिसला की खिळतोच तो.

नारायण : मंदार कापूरहोळला पोचलाय. पंचवीस मिनिटं फार तर.

सौदामिनी : हे तिसऱ्यांदा सांगितलंत.

नारायण : आई एकटी फाटकापर्यंत चालत आली तर विषय बंद, म्हणालाय. नाहीतर आजच पुण्याला, त्या शुश्रूषा केंद्रात. तिथं मला राहता येणार नाही, सौदामिनी.

सौदामिनी : कंपवात मला झालाय आणि घाम तुम्हाला फुटलाय.

फुलाबाई : पोळ्या झाल्या बाई. आं? आजून उंबऱ्यातच? सा म्हैनं बगते, पडवीत तुमी दोगं पाण्यातनं चालल्यावानी चालता. तवा कुठं अडत न्हाई!

नारायण : तेव्हा मंदार बघायला येणार नसतो, फुलाबाई. माझंच चुकलं. पुस्तकं वाचून ‘ताई ची’सारखा चिनी व्यायाम शिकवतात का कुणी? थांब, वजन आधी की श्वास आधी, एकदा पान बघून येतो.

सौदामिनी : पुस्तक आणाल तर खबरदार! गुरू हवा होता, ग्रंथपाल मिळाला.

फुलाबाई : आमच्या पासली गावात भाताच्या लावणीला येक पाय चिखलात नीट बसल्याबिगर दुसरा काडतच न्हाईत. काडला की पडलाच.

नारायण : तेच ते! सगळं वजन डाव्यात ओत, म्हणजे उजवा रिकामा होतो. ओत बघू.

सौदामिनी : कशी ओतू? उजवा दंड तुम्ही आवळून धरलाय. सगळी तुमच्याकडेच झुकतेय मी.

नारायण : सोडला आणि पडलीस तर?

सौदामिनी : दिवाळीत पडले, तेव्हाही तुम्ही धरलंच होतं.

नारायण : ते काय मी विसरलोय?

फुलाबाई : हारन वाजला. मंदारदादाच! गाडी लावत्यात.

नारायण : इतक्यात? अगं, उचल ना पाय! उचल!

सौदामिनी : अहो, तुमचे खांदे बघा, कानाला लागलेत. आधी ते खाली घ्या. श्वास सोडा.

नारायण : सोडला.

सौदामिनी : अर्धा ठेवलाय आत.

(नारायण श्वास सोडतो. मग हात.)

सौदामिनी : हं. डावा... बसला. बसू दे अजून. आता...

फुलाबाई : सुटला! बाई उंबऱ्याभायेर!

नारायण : मागं जा तिच्या, पायरी आहे पुढं!

फुलाबाई : मी न्हाई जायची. उतरल्या बी. जास्वंदीपाशी गेल्या... थांबल्या जरा... न्हाई, निगाल्या. फाटकाच्या कडीला हात लागला बगा! दादा नुसतं बगत उबं हाईत. सायेब, तुमी का हितंच? चला की.

नारायण : येतो. पाय जरा उचलत नाहीये माझा. तिला सांगू नका.