फॉर्मला दिलेला कोड

...नाही पण, नोटीस म्हटल्यावर तिला जावक क्रमांक नको? विषय नको? खाली कुणाची तरी वाकडीतिकडी सही नको? तुम्हीच सांगा! अहो, चौतीस वर्षं नोटिसा काढल्यात मी! मिरजेला, नगरपालिकेत, पाणीपट्टी विभागात. लोक मला लांबून बघून रस्ता बदलायचे. आणि त्या मला, राजारामला, इथे परदेशात, जॉन्सनव्हिलमध्ये, लेकीच्या घरी, पोहे खाताना नोटीस येते... फोनवर! दोन ओळींची!

काय म्हणे, तुमचा टोल भरायचा राहिलाय, बारा तासांत भरा, नाहीतर कायदेशीर कारवाई. खाली निळी लिंक. आता माझ्याकडे गाडी नाही, लायसन्स नाही, सायकलसुद्धा नाही. पण नाताळात जावयाच्या गाडीतून टौरंगाला गेलो होतो, तिकडे टोलचा रस्ता आहे, आणि पुढच्या सीटवर कोण बसलं होतं? मी! शिवाय 'कायदेशीर कारवाई'... अहो, ते माझंच वाक्य! हजारो लोकांना पाठवलंय मी ते. वाचणाऱ्याचं काय होतं ते त्या दिवशी कळलं. पोह्यांची बशी बाजूला सारली. डोळ्यांसमोर एकच... व्हिसा रद्द, आणि आमच्या हिचं, श्यामलाचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलं. आठ महिने थांबलीय हो ती नंबर लागायला!

दाबली लिंक. जावयाला कळायच्या आत भरून टाकू म्हटलं. नाव विचारलं, दिलं. कार्डाचा नंबर, दिला. मागचे तीन आकडे, दिले. मग बँकेचा मेसेज आला, हा कोड कुणालाही देऊ नका. म्हटलं, बरोबर आहे, देणारच नाही. आणि फॉर्ममध्ये भरला.

तेवढ्यात संपदा, माझी लेक, वरून चहाला खाली आली. ती घरूनच ऑफिसचं काम करते. फोन बघितला आणि कप तसाच ठेवला.

"बाबा, कोड कुणाला दिलात?"

"कुणालाही नाही. फॉर्मला दिला."

तिनं कार्डाच्या मागचा नंबर लावून कार्ड बंद करून टाकलं. पैसे वाचले, थोडक्यात. मग माझी शिकवणी. "बाबा, कुणी घाई करायला लागलं की आपण थांबायचं. मेसेजमधली लिंक दाबायची नाही. शंका आली तर नंबर आपण शोधायचा, फोन आपण करायचा. आणि असला मेसेज आला की सात-सात-दोन-सहाला पाठवायचा, फुकट आहे."

फुकट! चौतीस वर्षं नोटिसा काढल्यात मी, पण त्यांची तक्रार करायला फुकट नंबर? कुठे होता हा नंबर मिरजेत? सुटलोच मी. चार दिवसांत एकवीस मेसेज पाठवले. लायब्ररीचा, दाताच्या डॉक्टरचा... आणि एक आला, डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख ठरलीय, शुक्रवारपर्यंत होकाराचा 'वाय' पाठवा, नाहीतर नंबर दुसऱ्याला. बघा! घाई! वर धमकी! पाठवला सात-सात-दोन-सहाला, पुसून टाकला आणि निवांत चहा घेतला.

सोमवारी संपदा विचारते, "आईची तारीख अजून कशी आली नाही?"

...तुम्हाला सांगतो, तो मेसेज खरा होता हे कळल्यावर श्यामलानं मेथीची जुडी पुढ्यात ओढली. निवडत राहिली, एकेक पान नाकाशी धरून. त्यापेक्षा रागावली असती तर बरं झालं असतं.

हॉस्पिटलचं जुनं पत्र काढलं, त्यावरचा नंबर लावला. "किया ओरा," इथला नमस्कार करून बाई म्हणाली, "पेशंटची जन्मतारीख?" म्हटलं, "आधी तुम्ही हॉस्पिटलच आहात कशावरून?"

"सर," ती शांतपणे म्हणाली, "फोन तुम्ही केलाय."

सगळं सांगितलं तिला. हसली नाही हो! "हीप्स ऑफ पीपल डू दॅट," म्हणाली, म्हणजे पुष्कळ जणांचं असं होतं. कुणाचं तरी ऑपरेशन रद्द झालं होतं, ती तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. "स्वीट ॲज, झालं तुमचं काम! मेसेज पाठवते."

"कागदावर नाही का..."

"येईल की, पण पोस्टाला वेळ लागतो."

म्हटलं, पाठवा मेसेज. आला. परत फोन लावला. "आत्ता आलेला मेसेज तुमचाच ना?" "हो राजाराम, माझाच." चौतीस वर्षं नोटिसा काढल्यात मी, एकानं तरी असा फोन करून विचारलं होतं? पाठवला 'वाय'.

ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर श्यामलानं माझ्याकडे नीट बघितलं, बऱ्याच दिवसांनी, आणि म्हणाली, "दाढी अशी अर्धवटच करत होतात होय इतके दिवस?" बरं वाटलं हो मला. खरंच.

तेवढ्यात फोन वाजला. आमची सेवा कशी वाटली, लिंक दाबून सांगा. श्यामला म्हणाली, "दाबा की, त्या बाईचं कौतुक करा." म्हटलं, कौतुक करीन, पण तोंडानं! दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून हॉस्पिटलात गेलो. बाई नेमकी रजेवर. काउंटरवरची दुसरी म्हणाली, "नो वरीज, तुमचा नंबर ठेवून जा, ती आली की तुम्हाला टेक्स्ट करेल."

...दिला. काय करणार?