मारुतीच्या अंगावरची शाल

आमच्या अंथुर्ण्याच्या तात्यांना दोष देऊन दाखवा, बघू! एकदा उसाला पाणी सोडून तात्या टपरीवर चहा पीत बसले. तेवढ्यात पाणी बांध फोडून शेजारच्या बापूरावाच्या रानात घुसलं आणि त्याचा काढून ठेवलेला कांदा सगळा भिजला. बापूराव तणतणत आला, तर तात्या शांतपणे म्हणतात, "आपल्या हातात काय हाय, बापूराव? करता-करविता मारुतीराया!"

पुढं पीक स्पर्धेत त्याच उसाचा तालुक्यात पहिला नंबर आला. मारुतीच्या देवळातच सत्कार ठेवला. तात्या बोलायला उठले ते थांबेनात. बेणं मी निवडलं, खत मी घातलं, उन्हातान्हात मी राबलो. देवाचं नाव म्हणून नाही!

शाल घालायला नेमकं बापूरावाला बोलावलं. त्यानं शाल घेतली, तात्यांच्या पुढनं सरळ गाभाऱ्यात गेला आणि मारुतीला पांघरली.

तात्या ओरडले, "आरं, ऊस मी पिकवलाय!"

"व्हय? मंग माझा कांदा कुणी भिजवला?"

तात्यांनी शालीकडं बघितलं, मग बापूरावाकडं.

"ऱ्हाऊ दे त्याच्याच अंगावर," ते म्हणाले, "थंडीचं दिस हायती."