नानांनी लॉरीला डांबर लावलं

हसू नका, माझं डोकं अजून फिरतं! तेव्हा मी रेवदंड्याच्या पांडूनानांची जुनी लॉरी चालवायचो. नाना कोळी, सगळा जन्म होडीवर गेलेला. पावसाळ्यानंतरची पहिली मासळी भरून निघालो आणि नागावात खड्ड्यात आदळताच सगळं एकदम मेलं. इंजिन बंद, दिवे बंद, हॉर्नसुद्धा मुका. मागे पापलेटांच्या पाट्या, तिकडे रेवसला मुंबईची बोट सुटायला आलेली, आणि शेजारी बसलेले नाना मलाच म्हणतात, "तुला चालवता येत न्हाय!"

बॅटरी तपासली, ती ठणठणीत. मग लॉरीखाली शिरलो. बॅटरीची तार सांगाड्याला जिथे बोल्टने कसलेली असते, तिथे तारेच्या खाली हे जाड डांबर! बोल्ट कसाबसा टेकला होता, तेवढाही खड्ड्याने सुटला. वीज जाणार कुठून?

"नाना, हे कोणी केलं?"

"मीच. नारली पुनवेला होडीला लावलं, उरलं ते हिला लावलं. बोल्ट काढून, आतून-बाहेरून."

"अहो, ही लॉरी हाय, होडी न्हाय!"

तर नाना माझ्यावरच उखडले. "मंग? पाणी शिरलं काय आत?"