नॉमिनी

"एसी आहे की बर्फाचा कारखाना? माझे गुडघे बोलायला लागले."

कल्याणला व्हिसा एजंटच्या ऑफिसात नंबर काही लागत नव्हता. आपल्या नंबरासाठी थांबलेल्या रसिकाने पर्स मांडीवर घेतली आणि कुरकुरणाऱ्या थेल्माबाईंना बाकावर जागा करून दिली. त्यांचा मुलगा डिनो पलीकडे टेकला.

"सवय कर, ममा. कॅनडात याच्यापेक्षा थंडी असते."

"मी कशाला करू सवय? जाणार तू."

"फिरायला येशील ना?"

"येईन हो. पण तुझं होणार कुठल्या स्कीममधनं?"

"प्रोव्हिन्शियल नॉमिनी."

"नॉमिनी? पपाच्या खात्याला मी होते, तसं?"

"तसं नाही गं. तिथलं एक राज्य आपलं नाव पुढे करतं. सांगतं, हा पोरगा आम्हाला पाहिजे."

"आम्हालापण पाहिजेच होता."

"ममा!"

"बरं, राहिलं. किती वर्षं पाहिजे त्यांना?"

"वर्षं असं नाही. तिथेच राहणार, असं लिहून द्यायचं असतं."

"आणि तू दिलंस?"

"सगळेच देतात. फॉर्मॅलिटी असते."

"खोटं लिहिलंस की खरं?"



"खोटं लिहिलं तर रिजेक्ट करतात."

"मग नॉमिनी नाव बरोबरच आहे की. बँकेनेपण पपा गेल्यावरच मला बोलावलेलं."

"मी काय मरतोय का, ममा? मी फक्त परत येणार नाहीये."