मुद्देमाल: बिबळ्याचा बाक

नाव: इमेल्डा सांतान लोबो. वय: ६९ वर्षे. धंदा: सेवानिवृत्त मुख्य लिपिक, वनविभागाचे लाकूड आगार (आधी ‘घरकाम’ असे लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडले आहे). राहणार: खाडीवाडी, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग.

समक्ष विचारल्यावरून मी सांगते की, मला आज पोलीस ठाण्यात बोलावले ते माझ्या अर्जावरून नव्हे. माझा बाक गेल्याचा अर्ज मी मागच्याच आठवड्यात दिला होता. त्यावर “बघतो” एवढे उत्तर मिळाले. आज बोलावले ते किनाऱ्यावरील एका रिसॉर्टच्या मॅनेजरच्या तक्रारीवरून. त्या रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावाकाठी ठेवलेल्या बाकावर बसून पुण्याच्या काही पाहुण्यांच्या मांड्यांना फोड आले, आणि बाकावर कोणीतरी ॲसिड टाकले असावे असा त्यांचा संशय आहे. ते ॲसिड नाही. काजूच्या टरफलाचे तेल आहे, आणि ते मी लावले आहे. मी ते माझ्या अंगणात, माझ्या बाकाला लावले होते. तो बाक त्यांच्या तलावाकाठी कसा पोहोचला हे त्यांनी सांगायचे आहे, मी नव्हे.

बाकाची हकीकत अशी. माझा धाकटा भाऊ मॅन्युएल याची काथ्याने शिवलेली लहान होडी होती व तो तिच्यातून मासेमारी करीत असे. एका ऑक्टोबरात वादळ झाले. बाकीच्या होड्या आल्या, मॅन्युएलची आली नाही. शोध घेतला, तो मिळाला नाही. पुढच्या आठवड्यात खाडीच्या तोंडाशी त्याच्या होडीची एक लांब फळी लागली. तिचा बाक आमच्या वाडीतील सुतार भिकाजी (आता मयत) यांनी करून दिला. तो माझ्या अंगणात खुरसाशेजारी, म्हणजे क्रुसाशेजारी, खाडीकडे तोंड करून ठेवलेला असे. सिमेट्रीत मॅन्युएलची जागा नाही, कारण पुरायला काही मिळाले नाही. म्हणून दर २ नोव्हेंबरला, सर्वजण आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात तेव्हा, आम्ही बाकाच्या डाव्या टोकाला लावतो. तेथे मेणाचे डाग आहेत. जबाब लिहून घेणारे हवालदार गुरुदास यांनी विचारले की मृत्यूचा दाखला आहे काय. दाखला कोर्टातून सात वर्षांनी मिळाला. बाक त्याच्या आधीपासून आहे.

मॅन्युएलचा मुलगा क्रिस्टोफर त्या वेळी चौथीत होता. त्याची आई त्यापूर्वीच वारली होती. तो माझ्याकडे वाढला. सध्या तो माझ्या घराला लागून असलेल्या घरात होमस्टे चालवतो. माझे लग्न झालेले नाही. याचा प्रकरणाशी संबंध नाही, पण विचारले म्हणून सांगितले.

बाकाचे लाकूड बिबळा आहे. सागवान नव्हे, शिसवीही नव्हे. माझी सगळी नोकरी लाकूड आगारात गेली. तेथे टेबलाशी बसून लाकूड वाहतुकीचे पास फाडणारे पुष्कळ होते. मी ओंडक्यांपर्यंत जात असे, कारण कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आम्हाला न पाहिलेल्या गोष्टीखाली सही करू नये असे शिकवले होते. लाकूड रंगावरून ओळखू नये. रंग कोणीही लावतो. टोकाकडे धारदार पात्याने पातळ काप घ्यावा, तो भाग ओला करून भिंगातून छिद्रे बघावीत, हाताने वजन घ्यावे, वास घ्यावा. बिबळ्याची आणखी एक खूण आहे. त्याची चिमूटभर सालपटे पाण्यात टाकली तर पाणी आधी पिवळट आणि मग चहासारखे होते, आणि पेला उजेडाकडे धरला की कडेला निळी झाक दिसते. ही झाक सागवान देत नाही, आणि ती कोणाला रंगवूनही आणता येत नाही.

उघड्यावरच्या लाकडाला खारे वारे आणि वाळवी दोन्ही खातात. वार्निश मारले तर ते दुसऱ्या वर्षी फुगते, पापुद्रे सुटतात आणि पाणी आत कोंडते. म्हणून मी दरवर्षी ईस्टर झाल्यावर बाक रेषेच्या दिशेने पॉलिश पेपरने घासते, टर्पेंटाइनने पुसते, आणि काजूच्या टरफलाचे तेल थोड्या रॉकेलमध्ये पातळ करून फडक्याने दोन हात देते. होड्यांना लावतात तेच. लावताना हातमोजे घालावे लागतात व कोपरापर्यंत खोबरेल चोपडावे लागते, कारण ते ओले असताना कातडी जाळते. नंतर बाक पूर्ण मे महिना उन्हात ठेवावा लागतो. तोवर कोणी बसू नये म्हणून मी त्यावर करवंदीची काटेरी फांदी आडवी बांधते. वाडीत लहान पोरांनासुद्धा ही फांदी कळते. क्रिस्टोफर लहानपणी एकदा फांदी काढून बसला होता. त्याला पंधरा दिवस पालथे झोपावे लागले. त्यानंतर त्याला कधी सांगावे लागले नाही.

या वर्षी मी तेल लावून फांदी बांधली आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गोव्याला चुलत बहिणीकडे गेले. मे महिन्याच्या मध्यास परत आले. अंगणात बाक होता. फांदी नव्हती. बाक चकचकीत तपकिरी दिसत होता, एखाद्या लग्नाच्या हॉलमधल्यासारखा. मी क्रिस्टोफरला बोलावून विचारले. तो म्हणाला, “आंटी, तुका सरप्राईज. पॉलिश करून घेतलंय. पावणे येतत, काळो बाक बरो दिसणा नाय.” मी म्हटले, हा आपला बाक नव्हे. तो म्हणाला, “मोतीबिंदू काढल्यार सगळाच नवा दिसता गो. डोळे नवे, म्हणान बाक नवो.” मी म्हटले, “मोतीबिंदू काढलो रे, डोको नाय काढलो.” त्यावर तो हसला नाही. एरवी हसतो.

मी बाकाचे एक टोक एका हाताने उचलले. माझा बाक उचलायला दोन माणसे लागतात. मी खालच्या बाजूस नखाने खरवडले, तर आत फिकट पांढरे लाकूड निघाले. ते आकेशिया, म्हणजे रस्त्याकडेला लावतात ते ऑस्ट्रेलियन बाभूळ, वर सागवानी रंग देऊन. काथ्याने शिवल्याची भोके नव्हती. मेणाचे डाग नव्हते. मी त्यावर बसले नाही.

दुसऱ्या दिवशी मी कुडाळ रस्त्यावर जुने फर्निचर नवे करून देणारे प्रीतम यांच्या वर्कशॉपमध्ये गेले. क्रिस्टोफरने बाक त्यांच्याकडे दिला होता. ते म्हणाले, “मॅडम, तुमचाच बाक आहे. बर्मा टीक. आम्ही फक्त जिवंतपणा आणला.” मी त्यांना विचारले की बर्मा टीकमध्ये आणि रस्त्याकडेच्या आकेशियामध्ये फरक काय. ते म्हणाले की ग्राहकाला फिनिशशी मतलब असतो. मी सांगितले की मी ग्राहक नाही, मी बाकाची मालकीण आहे, आणि तुम्हाला लाकडातले जेवढे कळते तेवढे आमच्या आगाराच्या फाटकावरच्या कुत्र्याला कळत असे. हे वाक्य मी उच्चारले होते. त्यांनी त्याची तक्रार केली आहे असे समजते. करू द्यावी.

त्याच आठवड्यात रिसॉर्टमध्ये साफसफाईला जाणारी आमच्या वाडीतील पूजा हिने मला हसत सांगितले की तलावाकाठी एक “दर्यातलो जुनो बाक” आणून ठेवलाय, पावणे त्यावर बसून फोटो काढतात, “आणि थंय बसलेल्यांका आता खंयच बसाक जमणा नाय.” मी हसले नाही. मी रिक्षा करून रिसॉर्टला गेले.

तो माझा बाक होता. कडेने शिवणीची भोके होती. डाव्या टोकाला मेणाचे डाग होते. वरचा काळा थर कोणीतरी गरम हवेच्या यंत्राने शेकून अर्धवट खरवडला होता, जुनाट दिसावा म्हणून. शेकल्यामुळे आत मुरत असलेले कच्चे तेल पुन्हा वर आले आणि त्यावर ओल्या पोहण्याच्या कपड्यांतली माणसे बसली. ज्याला तेल माहीत नाही त्याने त्याला डांबर समजावे, हे मी समजू शकते. पण उघड्या लाकडावर समुद्राकाठी एक हातही तेल न देता ते तसेच सोडावे, हे नाही. मी मॅनेजरना सांगितले की बाक माझा आहे. ते म्हणाले की त्यांनी तो रीतसर विकत घेतला आहे, पाहुणे जळले आहेत आणि आता वकील बोलतील. त्यानंतर पोलिसांनी बाक जप्त केला.

आज ठाण्यात मी हवालदार गुरुदास यांच्याकडे दोन पेले पाणी मागितले. त्यांना वाटले मला तहान लागली. मी माझ्या अंगणातल्या बदली बाकाची सालपटे एका पेल्यात टाकली आणि जप्त केलेल्या बाकाच्या आतल्या भागाची, त्यांनीच काढून दिलेली, दुसऱ्यात. थोडा वेळ थांबलो. पहिल्या पेल्यात रंग उतरला तो पॉलिशचा. दुसरा पेला त्यांनी खिडकीशी धरला तेव्हा कडेला निळे दिसले. ते म्हणाले, “मॅडम, ह्या तर डायबेटिसचा पाणी. माझो बापूस पिता.” मी म्हटले, डायबेटिसवाले ज्याच्या पेल्यातले पाणी पितात तेच हे लाकूड. त्यांनी तसे लिहिले आहे. मात्र पाण्याचा पेला कोर्टात चालत नाही असेही ते म्हणाले, म्हणून लाकडाची तपासणी सरकारी प्रयोगशाळेत होईल. त्यासाठी बाकाच्या डाव्या टोकाचा एक वीतभर तुकडा कापून आधीच पाठविला आहे. मला विचारले असते तर मी उजवे टोक सांगितले असते. तो तुकडा परत येत नाही असे कळले.

मला विचारण्यात आले की क्रिस्टोफर याने बाक प्रीतम यांना विकला काय. प्रीतम यांनी आपल्या जबाबात तसे म्हटले आहे, व बदली बाक देण्याचे दोघांत ठरले होते असेही म्हटले आहे, असे मला सांगण्यात आले. याबाबत मला माहिती नाही. क्रिस्टोफर याने मला काही सांगितलेले नाही व मी त्याला विचारलेले नाही. शेजारी राहणाऱ्या किशोरी यांनी बाक टेम्पोत चढवताना पाहिला. त्या मला म्हणाल्या, “हाताक गोणपाट गुंडाळून उचलल्यान गो, म्हणान माका वाटला तूच सांगलंस.” गोणपाट का गुंडाळले हे त्यालाच विचारावे. माझे म्हणणे एवढेच की माझ्या घरात वाढलेल्या माणसाला ते गुंडाळायचे माहीत असते.

क्रिस्टोफरविरुद्ध माझी तक्रार नाही. मला समजावून सांगण्यात आले की त्याने विश्वासघात केला असे मी लिहून दिले नाही तर चोरी सिद्ध होत नाही, चोरी झाली नाही तर विक्री खरी, आणि विक्री खरी तर बाक रिसॉर्टचा. मी ते नीट ऐकले. मला दोनदा सांगावे लागले नाही. माझी क्रिस्टोफरविरुद्ध तक्रार नाही.

बाक आता ठाण्याच्या मागच्या आवारात, जप्त केलेल्या मोटारसायकलींजवळ, उलटा ठेवलेला आहे. त्यावर नंबर रंगवला आहे. वर छप्पर नाही. खाली माती आहे, म्हणजे वाळवी आहे. पावसाळा तोंडावर आहे आणि लाकूड वरून उघडे आहे. बिबळा टिकाऊ असतो, पण कापलेल्या टोकातून पाणी पिणारच. मी विचारले की मला येऊन फक्त तेलाचा एक हात देता येईल काय, साहित्य माझे, मेहनत माझी. उत्तर मिळाले की मुद्देमालाला हात लावणे हा पुराव्यात फेरफार होतो. मी विचारले की मग ताडपत्री. उत्तर मिळाले की ताडपत्रीची तरतूद नाही. खटला किती चालेल असे विचारल्यावर हवालदार गुरुदास यांनी माझे वय पाहिले आणि पान उलटले. ते सभ्य गृहस्थ आहेत.

रिसॉर्टच्या पाहुण्यांना झालेल्या त्रासाबद्दल मला वाईट वाटते. फांदी त्यांच्यासाठीच होती. फोडांवर खोबरेल लावावे, साबण लावू नये, असे त्यांना कळवावे.

माझी एकच विनंती नोंदवून घ्यावी. येत्या २ नोव्हेंबरला संध्याकाळी मला ठाण्याच्या मागच्या आवारात येऊन एक मेणबत्ती लावायची आहे. बाकाला हात लावणार नाही, मेणबत्ती जमिनीवर लावीन. सोबत क्रिस्टोफर असेल. त्याला मी आणीन. याला परवानगी आहे किंवा कसे, हे मला लेखी कळवावे.

हा जबाब मी सांगितला तसा हवालदार गुरुदास यांनी लिहून घेतला आणि मला मोठ्याने वाचून दाखविला. त्यानंतर मी तो स्वतः, नव्या डोळ्यांनी, पहिल्या ओळीपासून वाचला. ‘जुने लाकडी सामान’ असे दोन ठिकाणी होते, तेथे ‘बाक’ असे करून घेतले. बाकी सर्व बरोबर आहे.

समक्ष,
(सही) इमेल्डा सांतान लोबो