डोहावरची हाक

जरा सरकून बसा. हं, ऐका. आणि हुंकार देत राहा, नाहीतर मी इथंच गप बसणार, सांगून ठेवतो!

खालच्या आळीत सोपान म्हणून एक होता. कष्टाळू, पण लई तापट. घरात त्याची एकच हाक. तिला ओ आली नाही, तर पुढची हाक नाही, थेट थप्पड! एका सांजेला त्याच्या पोरीच्या, हौसाच्या हातनं दुधाची चरवी सांडली. "तोंड दाखवू नकोस मला!" सोपान ओरडला. दिवेलागण झाली, बघतो तर पोर घरात नाही. मामाच्या गावाला निघाली असणार. अन् ती वाट कुठनं? डोहावरनं! अंधार पडल्यावर तिकडं कुत्रंसुद्धा फिरकत नाही.

सोपान कंदील घेऊन पळाला. उतारावर कंदील विझला. वारा नाही, काही नाही, अन् विझला! चालतोय, चालतोय, पुन्हा त्याच बाभळीपाशी. अन् मग, ऐका हं, पुढनं हाक आली. "हौसा!" आवाज कुणाचा? सोपानाचा स्वतःचा! "दमलीस का गं? भूक लागली असंल. ये, मी नाही रागावत."

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. भ्याला तर होताच. पण जिवाला लागलं ते निराळंच. असं आपण पोरीला कधी विचारलंच नाही. तेवढ्यात चांदण्यात हौसा दिसली, गुडघाभर पाण्यात! पहिल्या हाकेला निघायचं, ही सवय त्यानंच लावली होती की.

"हौसा!" सोपान ओरडला. पोर थबकली. तिकडंही बाप, इकडंही बाप. जावं कुणाकडं? अन् पाय तिचे पुढंच सरकत होते. पाणी कमरेला लागलं.

आता डोहातलं ते तसलं माणसाचं नाव एकदाच घेतं, दुसऱ्यांदा त्याला घेता येत नाही, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण सोपानानं जन्मात कुणाला दोनदा हाक मारली नव्हती. त्या रात्री मारली. "हौसा!" अन् तिसऱ्यांदा, रडत रडत, "हौसा, घरी चल गं माझी बाय!"

पोर वळली. त्यानं पाण्यात उडी घेतली, दंडाला धरून तिला ओढलं. मागं डोह नुसता खदखदत होता. काठावर येऊन पोर कुडकुडत म्हणाली, "आबा, मारणार?" त्यानं पाठुंगळी घेतलं तिला, अन् वाटभर रडला.

म्हणून पोरांनो, त्या वाटेला जाऊ नका. अन् आयाबापांनो, तुम्ही हसू नका. पोर रुसून उंबरा ओलांडतं ना, तेव्हा तिकडं गोड बोलणारं कुणीतरी आधीच बसलेलं असतं. चला, उठा आता. पोरं उपाशी निजली नाहीत ना, तेवढं बघा.