आक्काबाईचं कुलूप

...आन् वर म्हनती कशी, ‘काका, पिठाची ज्वारी होत न्हाई!’ आता हे कुनाला सांगायचं? मिरजगावच्या पुंजारामाला? चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवलेल्या माणसाला? तुम्हाला सांगतो, लई राग आला त्याला. पन करतो काय, अडला हुता. बायको आक्काबाई दिवाळीआधी गेली, आन् तिच्या मोबाईलमधी तिच्या आवाजाची एक फाईल राहिली, कुलूप लावलेली. तेवढी एकदा ऐकू द्या, दुसरं काय मागत न्हाई, म्हणायचा.

सांगनारी कोन, तर पुतणी सुकन्या, कर्जतला कॉम्प्युटर शिकवती. कुलपाचं ॲप काकूला तिनंच टाकून दिलेलं. फुकटचं, आतली बनावट, म्हंजी ते चालतं कसं, साऱ्या जगाला उघडी. मग बनावट उघडी तर कुलूप का उघडंना? तर म्हनं, पासवर्ड आत ठेवतच न्हाईत, त्याचं पीठ करून ठेवत्यात. आन् पिठाची ज्वारी होत न्हाई. मग आपन अंदाजानं शब्द दळायचे, पीठ जुळतं का बघायचं. त्याचंबी फुकट साधन हाय, मिनिटाला हजारो शब्द दळतं. काकांनी फक्त काकूच्या आवडीचे शब्द सांगायचे.

हजारो! आन् पुंजारामानं सांगितले किती? नऊ. माहेर पुणतांबा, गाय कपिला, असलंच काहीबाही... स्वतःचं नाव तर लई ऐटीत सांगितलं. आवो, जिनं जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं न्हाई, ती मोबाईलमधी घेईल व्हय? नऊ शब्दांत पोतं रिकामं. बायकोला काय आवडतं ते आपन कधी विचारलंच न्हाई, हे त्याला तिथं कळलं. लई वाईट वाटलं त्याला.

सुकन्यानं हळूच विचारलं, ‘काकू तुमाला हाक कशी मारायची?’

‘गिरणीत कुठं ऐकू येतंय?’

दळण घेऊन आलेली रंगुबाई दारातनंच बोलली, ‘अवं ऐकता का. दिसातनं पन्नास येळा. आमाला यायचं की ऐकू.’

दळलं. पीठ जुळलं.

पुंजारामानं फोन कानाला धरला. आक्काबाईच ती. ‘अवं ऐकता का...’ आन् पुढं नुसती घरघर. बाई गिरणीतच उभी राहून बोलली हुती, एक शब्द कळंना.

आता रोज दुपारी चालू गिरणी बंद करून फोन कानाला लावून बसतो. लोक दळणाचे डबे घेऊन ताटकळत्यात. पन तुम्हाला सांगतो... ही गिरणी बंद करता येती हो, फोनातली कशी बंद करायची?